गोखिवऱ्यात मोजलेलं पाणी

वैतरणेच्या पुलावर गाडी आली तेव्हा नुकतं उजाडत होतं. खाडीवर धुकं इतकं खाली टेकलं होतं की आपण पुलावरून चाललोय की ढगावरून, ते कळेना. मध्येच एक होडी दिसली, तीही अर्धीच. तिच्यातला माणूस उभा होता आणि त्याच्या गुडघ्यांखाली काहीच नव्हतं. मी शालीच्या टोकानं खिडकीची काच पुसली, पण धुकं काचेवर नव्हतंच.

माझ्या बर्थखाली एक लाकडी पेटी होती आणि पेटीत पाण्याचा मीटर. रात्रभर गाडीच्या धक्क्यांबरोबर त्याच्या आतलं पातं हलत होतं आणि बारीक टिकटिक येत होती. समोरच्या बर्थवरच्या आजोबांनी दोनदा उठून विचारलं, "बाई, तुमचं घड्याळ का?" दुसऱ्यांदा मी हो म्हणून टाकलं. खरं सांगायला फार वेळ लागला असता.

तेच आता सांगते. मी मूळची सोलापूरची. गेली अकरा वर्षं उत्तर गुजरातमधल्या एका तेलक्षेत्रावर प्रयोगशाळेत नोकरी करते. सोलापूरच्या माझ्या मैत्रिणींना वाटतं, तेलाच्या विहिरीतून तेल येतं. येतं, पण आमच्यासारख्या जुन्या विहिरींतून त्याहून जास्त येतं ते पाणी. तेलासोबत खडकात युगानुयुगं कोंडलेलं, कोमट, रॉकेलचा वास असलेलं खारट पाणी. तेल त्याच्यापासून वेगळं करायचं, ते आपल्या वाटेनं जातं. मागं राहिलेल्या पाण्याचं काय करायचं, हा माझ्या नोकरीचा विषय.

आमच्या केंद्रावरचं हे पाणी एका मोठ्या तळ्यात सोडतात. जितकं तळ्यात जातं तितकं उन्हानं उडून जातं, असा हिशेब. तळ्याच्या तोंडाशी मीटर आहे. दर महिन्याला मी त्याचा आकडा तक्त्यात भरते आणि खाली सही करते. चार वर्षं हिशेब जुळत आला होता. मग तळ्याशेजारच्या जीवाभाई नावाच्या शेतकऱ्यानं लेखी तक्रार केली, की त्याच्या शेतातलं जिरं बांधाच्या बाजूनं पिवळं पडत चाललंय. तपासणीला माणसं येणार असं ठरलं, आणि आमच्या साहेबांनी मला बोलावून घेतलं. "मीटर बरोबर आहे असा दाखला हवा. तपासून आणा. चार दिवस पुरतील." आमचा नेहमीचा तपासनीस आजारी होता. कुणीतरी वसईजवळ गोखिवऱ्यातल्या एका माणसाचं नाव सुचवलं. म्हणून ही पेटी, आणि म्हणून हे धुकं.

वसई रोडला उतरले तेव्हा जानेवारीची हवा अंगाला हलकी झोंबत होती. पूर्वेला तुंगारेश्वराचे डोंगर निळसर दिसत होते. रिक्षावाल्यानं पेटी उचलली आणि परत खाली ठेवली.

"मॅडम, काय आहे ह्यात? एवढं जड?"

"पाण्याचा मीटर."

"अरे वा! मग आमच्या बिल्डिंगला लावा ना. पानी तर येत नाही, मीटर तरी बघू."

वाटेत त्यानं मला नव्या इमारती दाखवल्या. कुठं प्लॅस्टर नव्हतं, कुठं रस्ता नव्हता, पण प्रत्येक इमारतीखाली टँकर उभा होता आणि प्रत्येक टँकरमागं ओल्या रेघेचा माग होता. तो माग सगळा पश्चिमेकडून आला होता. "तिकडं वाड्यांमध्ये विहिरी आहेत," रिक्षावाला म्हणाला. "गोड पानी. आम्ही त्याच्यावरच जगतो." त्या ओल्या रेघांवरून, त्यांच्याच दिशेनं, आमची रिक्षा चालली होती. मला उगाच वाटलं, आपण नदीच्या काठानं जातोय.

गोखिवऱ्यात पत्र्याच्या छपराचे गाळे होते, एकाला एक लागून. कुठं खिळे बनत होते, कुठं चपलांचे तळवे. शेवटच्या गाळ्याच्या दारात एक उंच, वाळकासा माणूस चष्मा कपाळावर चढवून उभा होता. इनासकाका. साठीला आलेले, वसईच्याच वटार गावचे ख्रिस्ती. तरुणपणी वीसेक वर्षं समुद्रातल्या तेलाच्या फलाटावर ते मीटर दुरुस्त करायचे. निवृत्त झाल्यावर हा गाळा घेतला आणि मीटर तपासायचा सांगाडा स्वतःच्या हातानं उभारला.

सांगाडा अगदी साधा होता. वर पोटमाळ्यावर पाण्याची टाकी, तिच्यात सतत पाणी चढवणारा पंप, तिथून खाली येणारी नळी, नळीत मधोमध मीटर बसवायची जागा, आणि शेवटी मोठ्या तबकडीच्या वजनकाट्यावर ठेवलेली दुसरी टाकी. मीटर काय म्हणतो ते एका बाजूला लिहायचं, काटा काय म्हणतो ते दुसऱ्या बाजूला.

"काटा खोटं बोलत नाही," इनासकाका म्हणाले. "मीटर बोलतो. मुद्दाम नाही, थकतो म्हणून."

त्यांनी पेटी उघडली, मीटरवरून बोट फिरवलं आणि ते जिभेला लावलं. मी दचकले. ते हसले. "आज राहू दे. आधी गोड्या पाण्यात भिजत ठेवतो. उद्या सकाळी करू."

माझ्यासाठी ज्या लॉजमध्ये खोली सांगितली होती तिथं सकाळपासून नळाला पाणी नव्हतं. इनासकाकांनी फोनवरच ते ऐकलं आणि खोली रद्द करून टाकली. "आमच्या घरी चला. कात्रीनला सोबत होईल."

रेल्वेचे रूळ ओलांडून पश्चिमेला आलो आणि दहा-पंधरा मिनिटांत गाव बदललं. रस्ता अरुंद झाला, दोन्ही बाजूंनी केळी वाकून आल्या, त्यांच्यामागं नारळी, नारळींमागं पानवेलींचे मांडव. उन्हाचे कवडसे रिक्षात येऊन मांडीवर पडत आणि निघून जात. वळणावळणावर पांढरे क्रूस, त्यांच्या पायाशी झेंडूची फुलं. मध्ये एक तळं लागलं, हिरवंगार, अजिबात न हलणारं. "बावखल," इनासकाका म्हणाले (वाडीतलं गोड्या पाण्याचं तळं). "पावसाचं पाणी ह्याच्यात साठतं आणि जमिनीत उतरतं. आमच्या विहिरी ह्याच्यावर." एक खंड्या त्यावर सूर मारून गेला आणि पाणी नुसतं एकदा डोळा मिटल्यासारखं हललं.

इनासकाकांच्या पत्नी कात्रीनबाय ओटीवर बसून सुकेळी बांधत होत्या. ही इकडची खास गोष्ट. राजेळी केळी सोलून उन्हात वाळवतात आणि सोपात (केळीच्या सुक्या सालात) गुंडाळून ठेवतात. त्यांनी माझ्या हातावर एक ठेवलं. मधात भिजवलेल्या उन्हाची चव असती तर ती अशीच असती. नवराबायको आपसात त्यांच्या घरच्या बोलीत बोलत. मला अर्धं कळायचं, अर्धं नुसतं ऐकत राहावंसं वाटायचं. माझ्याशी बोलताना मात्र दोघं शाळेच्या पुस्तकातलं मराठी काढत.

दुपारी तांदळाची भाकरी, सुकटीची चटणी, आणि मी मासे कमी खाते म्हणून मुद्दाम केलेली केळफुलाची भाजी. जेवून मी ओटीवर आडवी झाले ते एकदम चर्चच्या संध्याकाळच्या घंटेनं जागी झाले. कुठं आहे तेच क्षणभर उमगेना. कात्रीनबाय अंगणातल्या क्रूसासमोर मेणबत्ती लावत होत्या आणि सगळी वाडी ओल्या मातीच्या वासानं भरली होती.

शनिवारी सकाळी आम्ही गाळ्यात आलो. इनासकाकांनी मीटर नळीत बसवला, पंप सुरू केला, झडप पूर्ण उघडली. नळी थरथरली. मीटरच्या काचेआड एक छोटा लाल काटा असतो, आतून पाणी जात असलं की तो फिरतो. तो गरगरा फिरू लागला. टाकी भरली. त्यांनी वजनकाट्यावरचा आकडा लिहिला, मी मीटरवरचा. जवळजवळ सारखे. दुसऱ्यांदा केलं, तिसऱ्यांदा केलं. तेच.

"झालं," मी म्हणाले. छातीवरचं ओझं उतरल्यासारखं वाटलं. जीवाभाईच्या जिऱ्याला दुसरंच काहीतरी झालं असणार, रोग वगैरे.

"अजून एक करून दाखला टंकायला घेतो," इनासकाका म्हणाले, आणि तेवढ्यात लाइट गेली.

वसईत हे रोजचंच. शेजारच्या गाळ्यांमधून "गेली रे!" अशी आरोळी उठली आणि एकेक यंत्र थांबत गेलं. आमचा पंप कण्हत कण्हत बंद झाला. आणि इतका वेळ ऐकू न आलेला एक आवाज ऐकू येऊ लागला. पाण्याचा. माळ्यावरच्या टाकीतलं उरलंसुरलं पाणी आपल्याच वजनानं नळीतून उतरत होतं आणि काट्यावरच्या टाकीत बारीक धारेनं पडत होतं. अर्धवट उघड्या शटरमधून उन्हाची एक पट्टी आत आली होती. धार नेमकी त्या पट्टीतून पडत होती, त्यामुळं ती पाण्याची न वाटता उजेडाचीच वाटत होती. मी नुसती बघत राहिले. असं किती वेळ गेला कोण जाणे.

"बाई," इनासकाका हळूच म्हणाले. "मीटर बघा."

लाल काटा थांबला होता.

पाणी पडत होतं, वजनकाट्याची सुई सावकाश पुढं सरकत होती, आणि मीटरच्या मते काहीही घडत नव्हतं.

इनासकाकांनी झडप थोडी मिटून परत पूर्ण उघडली. लाल काटा एकदा उचकी दिल्यासारखा हलला, परत थांबला. त्यांनी चष्मा खाली घेतला. "बेअरिंगला मीठ धरलंय. पाणी जोरात आलं की पातं फिरतं. संथ आलं की पाणी त्याच्या बाजूनं निघून जातं." मग त्यांनी तो प्रश्न विचारला. "तुमच्याकडे तळ्यात पाणी कसं जातं? पंपानं की उतारानं?"

"उतारानं."

"जोरात?"

"दिवसातून दोनदा जोरात. बाकी सगळा वेळ..." मी त्या धारेकडं बोट दाखवलं. "असंच."

 माझ्या डोळ्यांसमोर तक्ते येत होते, एकामागून एक, प्रत्येकाच्या खाली उजव्या कोपऱ्यात माझी वळणदार सही. अठ्ठेचाळीस सह्या. कागदावर दिसलं नाही ते पाणी तळ्यात बसलं नसणार. बांधातून पाझरून ते शेजारच्या जिऱ्यात गेलं होतं.

इनासकाका कोपऱ्यातल्या टाइपरायटरजवळ गेले. "दाखल्याला पूर्ण जोराचे तीन रन लागतात," ते माझ्याकडं न बघता म्हणाले. "ते पास झालेत. त्याच्यावर मी सही केली तर खोटी होणार नाही. लाइट गेल्यावर काय झालं ते कुणी विचारणार नाही. तुम्ही ठरवा. सोमवारी सांगा."

संध्याकाळी मी वटारच्या नाक्यावरच्या एसटीडी बूथमधून साहेबांना फोन लावला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"जोराचे रन पास झाले ना?"

"झाले सर. पण मंद धारेला..."

"मंद धारेचं कुणी विचारलंय?"

"नाही."

"मग दाखला घ्या आणि या. आणि चार वर्षं सही कुणाची आहे, तेही लक्षात असू द्या." फोन बंद झाला. बूथच्या काचेवर माझा चेहरा होता आणि त्याच्याआड केळीची पानं हलत होती.

रविवारी सकाळी कात्रीनबाय मला चर्चमध्ये मिस्सेला (रविवारच्या प्रार्थनेला) घेऊन गेल्या. मी हिंदू, आत येऊ की नको म्हणून पायरीशी घुटमळले, तर त्यांनी हाताला धरून बाकावर बसवलं. मराठीतली प्रार्थना मी पहिल्यांदाच ऐकत होते. म्हाताऱ्या बायका लाल लुगड्यात होत्या, त्यांच्या कानातले मोठाले दागिने उन्हात चमकत होते. आवाज एकत्र वर जायचे आणि लाकडी छताखाली तरंगत राहायचे. माझं लक्ष प्रार्थनेत नव्हतं. खोटं का सांगू.

परत येताना त्या म्हणाल्या, "बाय, तुझ्याकडं पाणी बघायचं यंत्र आहे म्हणे. आमची बाव (विहीर) बघशील?"

पाण्यातला खारटपणा दाखवणारं एक छोटं यंत्र माझ्या पिशवीत कायम असतं, पेनाएवढं. मी वरचं पाणी घेतलं. गोड. कात्रीनबायचा चेहरा उजळला नाही. "खालचं बघ," त्या म्हणाल्या. मी बाटलीला दगड आणि दोर बांधला, बुचाला वेगळी दोरी, आणि बाटली तळाशी नेऊन बूच ओढलं. ते पाणी वर आलं आणि यंत्रावरचा आकडा चढतच गेला.

"खरं सांग हां. बरं वाटावं म्हणून काही सांगू नको."

"खारं आहे, बाय. तळाशी बरंच खारं."

त्या विहिरीच्या कठड्यावर बसल्या. म्हणाल्या, "बरं झालं. दोन वर्षं मी सांगते, चहा मचूळ लागतो. हे म्हणतात तुझं वय झालं. पोरगे म्हणतात आई, तुझ्या जिभेत खोट आहे. मलापण तसंच वाटायला लागलेलं."

त्यांचा आवाज रडवेला नव्हता. उलट सुटल्यासारखा होता. मला मात्र तिथं उभं राहवेना. मी बाटली धुवायच्या निमित्तानं केळीत शिरले आणि बराच वेळ तिथंच उभी राहिले.

दुपारनंतर इनासकाका मला कळंबचा समुद्र दाखवायला घेऊन गेले. ओहोटी होती. काळसर वाळू ओली होऊन आरशासारखी झाली होती आणि तिच्यात सुरूची झाडं उलटी उभी होती. माणसं चालत होती ती दोन-दोन दिसत होती, एक पायांवर, एक पायांखाली. किनाऱ्यावर हरेश्वर नावाचे एक म्हातारे मच्छीमार जाळं दुरुस्त करत बसले होते. इनासकाकांची त्यांची जुनी ओळख. मी तेलाच्या कामातली म्हटल्यावर त्यांनी जाळ्यातून मान वर केली.

"ती तुमची शेगडी आम्ही बगतो ना लांबून. समुद्रात आग. पयल्यांदा बगितली तवा वाटलं, चंद्रच पडला. जवल गेलो तर तिथं वरून पानी पडत होतं, धो धो. ते पानी कुटलं?"

"तेलाबरोबर वर येतं ते," मी म्हणाले. "साफ करून सोडतात."

"किती सोडतात? कोन मोजतं?"

इनासकाका त्यांच्या शेजारी वाळूवर बसले. "मी मोजायचो," ते म्हणाले.

हरेश्वर हसले, पण इनासकाका हसले नाहीत. समुद्राकडं बघत, जणू तिकडंच कुणाला सांगतायत असे ते बोलत राहिले. एका पावसाळ्यात फलाटावरचा पाण्याचा मीटर अडकला. सुटा भाग येईना. रोज रात्री आकडा पाठवायचा असायचा. पहिल्या दिवशी त्यांनी आदल्या दिवसाचाच आकडा लिहिला. दुसऱ्या दिवशी थोडा बदलून. मग सवय झाली. पाच महिने ते मनातलं पाणी मोजत होते. कुणी एक अक्षर विचारलं नाही.

"कुणीतरी विचारेल म्हणून मी वाट बघत होतो, बाई. रागावेल, नोकरीवरून काढेल, काहीतरी होईल. काही झालं नाही. तेच जास्त वाईट वाटलं." त्यांनी मुठीत वाळू घेतली आणि सोडून दिली. "म्हणून तर हा गाळा काढला. वाटलं, आता तरी प्रत्येक थेंब बघू. आणि घरची बाव? पाणी मोजायचा धंदा माझा, आणि स्वतःच्या विहिरीत मी कधी यंत्र बुडवलं नाही. का, माहीत आहे? शेजारच्या वाडीतून टँकर भरतो तो माझा सख्खा भाऊ. जोरात उपसलं की खालचं खारं पाणी वर चढतं. तेलाच्या विहिरीतसुद्धा तेच होतं, मला काय शिकवायचं? मोजलं असतं तर त्याला सांगावं लागलं असतं. म्हणून कात्रीनला म्हातारी ठरवलं."

 हरेश्वरांनी जाळ्याची एक गाठ मारली, दातानं दोरा तोडला. पाणी परत चढू लागलं होतं. उलटी झाडं एकेक करून पुसली जात होती.

"सोमवारी मंद धारेचा रन करा," मी म्हणाले. "सगळ्या धारांचा करा. आणि दाखल्यात लिहा."

"तुमच्या चार वर्षांचं?"

"ते मी लिहीन."

सोमवारी लाइट दिवसभर होती. आम्ही झडप थोडी थोडी बंद करत गेलो आणि प्रत्येक धारेला टाकी भरली. सर्वांत बारीक धारेला टाकी भरायला इतका वेळ लागला की मध्येच आम्ही उकडलेल्या शेंगा खाल्ल्या, चष्म्याशिवाय आपल्याला वाचता येत नाही म्हणून इनासकाकांनी मला आकडे मोठ्यानं म्हणायला लावले, आणि बाहेर चपलांच्या गाळ्यातली माणसं जेवून परत आली. लाल काटा त्या सगळ्या वेळात हलला नाही. इनासकाकांनी टाइपरायटरवर दाखला बडवला. खालच्या ओळीत शब्द होते, 'मंद प्रवाहास मीटर नापास.' मग त्यांनी मीटर उघडला, मिठानं पांढरं झालेलं बेअरिंग काढून माझ्या तळहातावर ठेवलं आणि नवं बसवलं. वाटाण्याएवढी वस्तू.

निघताना माझी फजिती झाली. स्टेशनच्या जिन्यावर सुकेळ्यांची पिशवी फाटली आणि सोपातल्या गुंडाळ्या पायऱ्या पायऱ्या उतरत खाली गेल्या. चार अनोळखी माणसांनी त्या गोळा करून दिल्या. एकानं एक ठेवून घेतली आणि तसं सांगितलंही. इनासकाका पेटी डब्यात चढवून खाली उतरले. "आज जेवायच्या आधी भावाकडं जातो," एवढंच म्हणाले. गाडी हलली तेव्हा ते फलाटावर हात वर करून उभे होते.

पुढचं थोडक्यात. मी साहेबांच्या टेबलावर दाखला ठेवला आणि सोबत माझं पत्र, की चार वर्षांचे आकडे कमी आहेत आणि ते का कमी आहेत. साहेब पत्र घेईनात. मी ते आवक टपालात दिलं आणि पोच घेतली. तपासणी झाली. पाणी तळ्याऐवजी परत जमिनीत खोल सोडायची नळी पडली, पण तिला पुढचा उन्हाळा उजाडला. मला प्रयोगशाळेतून काढून दोन वर्षं भांडारात खुर्ची दिली, खिळेमोळे मोजायला. कात्रीनबायचं पत्र आलं. इनासकाकांचा भाऊ तीन महिने बोलला नाही, मग एक पंप बंद केला, एक चालू ठेवला. चहा अजून मचूळच लागतो, पण आता घरात सगळ्यांना लागतो.

माझा प्रवास मात्र संपला तो परतल्याच्या दुसऱ्या संध्याकाळी. मी एकटीच चालत जीवाभाईच्या शेतावर गेले. तो खाटेवर बसला होता. माझ्या तोडक्यामोडक्या गुजरातीत मी त्याला सांगितलं, की मीटर चुकत होता, पाणी आम्ही लिहिलं त्याहून जास्त होतं, आणि ते लिहिणारी मी होते. तो ओरडेल म्हणून मी तयारी करून गेले होते. तो उठला आणि म्हणाला, "चालो, बेन." मी त्याच्या मागोमाग बांधाकडं गेले.

तिथं जमिनीत एरंडाच्या काड्या रोवल्या होत्या, एका ओळीत, तळ्याच्या बांधापासून शेताच्या आतपर्यंत. प्रत्येक काडीला चिंधी बांधलेली. मी विचारलं, हे काय. जीवाभाई म्हणाला, जमीन जिथवर मिठानं पांढरी होत आली तिथं दर अमावास्येला एक काडी रोवतो. त्यानं मला पहिली काडी दाखवली. ती कुजून काळी पडली होती.

चार वर्षं त्या शिवारात आम्ही दोघं एकच पाणी मोजत होतो, बांधाच्या दोन बाजूंनी, आणि एकदाही एकमेकांना विचारलं नव्हतं. मी पिशवीतून वही काढली. जीवाभाईनं माझ्याकडं पाहिलं, खाली बसला आणि पहिल्या काडीवरची माती हातानं बाजूला केली, मला नीट दिसावं म्हणून. आम्ही तिथून मोजायला सुरुवात केली.